निळ्या विवराचे अंदाजपत्रक

जबलपूरच्या माणसाला समुद्राचे वेड लागावे, हे तसे नवलच. आमच्या कांचघरहून मुंबईचा किनारा गाठायचा तर रेल्वेने जवळजवळ हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. पाण्याशी आमची ओळख ती नर्मदामाईमुळे. ग्वारीघाटावर हातपाय मारायला शिकावे, बरगीच्या जलाशयाचा विस्तार डोळ्यांत साठवावा आणि पाहुणे आले की त्यांना भेडाघाट दाखवावा, एवढाच आमचा जलविहार. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नाव सरकू लागली की नावाडी आपल्या यमकबद्ध बोलीत पाण्याच्या खोलीचे वर्णन करतो आणि नावेतील मंडळी नकळत नावेची कड घट्ट धरतात. चार वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, खालच्या हिरव्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "अरे, एकदा खरोखरच खोल उतरून पाहायचं का?"

त्या प्रश्नातून एका सहलीची योजना जन्माला आली. मध्य अमेरिकेतील बेलीझ या देशाच्या समुद्रात असलेले ‘ग्रेट ब्लू होल’, अर्थात महाकाय निळे विवर, हे आमचे गंतव्य ठरले. सहल अजून व्हायची आहे. परंतु तिची तयारी करताना जे पदरी पडले ते प्रवासवर्णनाहून कमी मोलाचे नाही, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

विवर कसे घडले?

भेडाघाटचा संगमरवर हे चुनखडीच्या खडकाचेच रूपांतर होय, हे आपण शाळेत शिकलो आहोत. निळ्या विवराचे कूळही तेच, म्हणजे चुनखडी. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बवायू शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि हजारो वर्षे झिरपत राहून चुनखडीत गुहा कोरते. हिमयुगात जगातील पाण्याचा मोठा हिस्सा बर्फाच्या रूपाने भूमीवर साठला होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहूनही अधिक खाली होती. आज जेथे विवर आहे तेथे त्या काळी कोरडी जमीन होती आणि तिच्या पोटात प्रचंड गुहा होती. पुढे गुहेचे छत कोसळले, बर्फ वितळले, समुद्र चढला आणि गुहेचे जलमय विवर झाले.

याचा पुरावा विवरातच टांगलेला आहे. सुमारे ४० मीटर खोलीवर, आत वळलेल्या कड्याखाली, भले मोठे लवणस्तंभ लोंबताना दिसतात. लवणस्तंभ थेंबाथेंबाने आणि केवळ हवेतच वाढतात, पाण्याखाली नव्हे. त्यांच्या परीक्षणावरून सुमारे १,५३,००० वर्षांपूर्वीपासून १५,००० वर्षांपूर्वीपर्यंतच्या निरनिराळ्या कालखंडांत त्यांची वाढ झाल्याचे आढळले आहे.

हे विवर लाइटहाऊस रीफ नावाच्या प्रवाळद्वीपाच्या मध्यभागी असून त्याचा व्यास सुमारे ३०० मीटर आणि खोली १२० मीटरहून अधिक आहे. १९७१ साली फ्रेंच सागरसंशोधक झाक कूस्तो आपली ‘कॅलिप्सो’ ही नौका घेऊन येथे आले आणि विवराची कीर्ती जगभर झाली. १९९६ साली युनेस्कोने बेलीझच्या प्रवाळभिंतीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात या विवराचाही समावेश आहे. २०१८ च्या अखेरीस छोट्या पाणबुडीतून तळापर्यंत गेलेल्या संशोधकांना सुमारे ९० मीटर खाली हायड्रोजन सल्फाइडचा थर आढळला. त्या थराखाली प्राणवायू नाही आणि म्हणून जीवसृष्टीही नाही.

खोलीच्या बाबतीत मात्र बेलीझचे विवर पहिल्या क्रमांकाचे नव्हे. बहामा बेटांतील डीन्स ब्लू होल २०२ मीटर खोल आहे, दक्षिण चीन समुद्रातील ड्रॅगन होल सुमारे ३०० मीटर, तर मेक्सिकोच्या चेतुमाल उपसागरातील ताम जा हे विवर २०२३ मधील मोजणीनुसार ४२० मीटरपेक्षाही खोल आहे. भारतातून जायला सर्वांत सोयीचे म्हणजे तांबड्या समुद्रावरील इजिप्तच्या दहाब गावाजवळचे विवर. दादाचा पहिला कल तिकडेच होता. परंतु दहाबच्या विवरात ५० मीटरहून खोल असलेल्या एका नैसर्गिक कमानीखालून पलीकडे जाण्याच्या मोहापायी आजवर अनेक पाणबुड्यांनी प्राण गमावले आहेत आणि किनाऱ्यावरील खडकावर त्यांच्या स्मृतिशिला बसवलेल्या आहेत. त्यांतील कित्येक जण चांगले अनुभवी होते, हे वाचल्यावर आम्ही दोघेही गप्प झालो.

आपल्या किनाऱ्यावरची ‘बँक’

विवराचा विचार करण्यापूर्वी बुडी मारायला शिकणे आले, आणि त्यासाठी बेलीझला जाण्याची गरज नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी संस्था उभारली आहे. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्याची पायाभरणी केली, तो सिंधुदुर्ग किल्ला तेथून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याच्या भोवतीच्या खडकांवरील प्रवाळांमुळे १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य घोषित झाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मालवणला गेलेल्या अनेक वाचकांनी प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खोल जाऊन मासे पाहिले असतील. तो आनंद निर्मळच आहे, परंतु ते प्रशिक्षण नव्हे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्रारंभिक अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते, पुढील अभ्यासक्रमानंतर ३० मीटरपर्यंत आणि खोल बुडीच्या विशेष प्रशिक्षणानंतर ४० मीटरपर्यंत. हौशी पाणबुड्यांची मर्यादा तेथे संपते. बेलीझचे लवणस्तंभ नेमके त्या मर्यादारेषेवर आहेत. सुदैवाने मधल्या पायऱ्या आपल्याच देशात चढता येतात. कर्नाटकातील मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट, लक्षद्वीप आणि अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, ही त्यासाठीची प्रसिद्ध ठिकाणे आहेत.

याच अभ्यासात मला एका अशा ‘बँके’ची माहिती मिळाली, जिची शाखा कोठेही नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक विस्तीर्ण पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास अंग्रिया बँक म्हणतात. उत्तर-दक्षिण सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद असे हे पठार पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे, तर त्याच्या कडेचा समुद्र ४०० मीटरपर्यंत खोल जातो. किनाऱ्याच्या गढूळ पाण्यापासून दूर असल्याने तेथे सूर्यप्रकाश खोलवर पोचतो आणि प्रवाळ वाढतात. निळे विवर म्हणजे उथळ पाण्यातील खोल खड्डा, तर अंग्रिया बँक म्हणजे खोल पाण्यातील उथळ माथा. एवढे नवल आपल्या दाराशी असताना कित्येक मराठी माणसांनी त्याचे नावही ऐकलेले नसते.

हवेचा जमाखर्च

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. भौतिकशास्त्र दहावीनंतर सुटले ते सुटलेच. परंतु स्कूबाचे गणित मला परके वाटले नाही, कारण ते निव्वळ जमाखर्चाचे आहे.

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर १, तर ४० मीटरवर ५. त्या दाबाची हवा श्वासात घ्यावी लागते, म्हणून ४० मीटरवर प्रत्येक श्वासाला पाचपट हवा खर्च होते. समजा, सिलिंडर १२ लिटरचे आहे आणि त्यात २०० बार दाबाने हवा भरली आहे. म्हणजे आरंभीची शिल्लक २,४०० लिटर. शांतपणे श्वास घेणाऱ्याला पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागतात असे धरू.

तीन मिनिटांत खाली उतरताना सुमारे १८० लिटर खर्च होतील. ४० मीटरवर आठ मिनिटे थांबल्यास, मिनिटाला १०० या दराने, ८०० लिटर. आता शिल्लक १,४२०. वर येताना मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा अधिक वेग ठेवायचा नाही, म्हणून चार मिनिटांसाठी २६० लिटर. ५ मीटरवर सुरक्षेसाठी तीन मिनिटे थांबायचे, त्याचे ९० लिटर. परतीचा एकूण खर्च ३५० लिटर. म्हणजे पृष्ठभागावर आल्यावरही १,०७० लिटर उरतातच. हा हिशोब मांडून मी दादाला मोठ्या ऐटीत म्हणालो, "दादा, निम्मी हवा शिल्लक राहते. आठ मिनिटंच का? पंधरा थांबू."

पुढे प्रशिक्षकांनी तोच कागद घेऊन त्यात एक ओळ वाढवली. आठव्या मिनिटाला सोबत्याची हवा बंद पडली तर? आता एका सिलिंडरवर दोघांनी वर यायचे. परतीचा खर्च ७०० लिटर. घाबरलेला माणूस दुप्पट वेगाने श्वास घेतो, दोघेही घाबरलेले असणार, म्हणून १,४००. त्या क्षणी शिल्लक होती १,४२०. उरले २० लिटर!

मी तो कागद जपून ठेवला आहे. जी निम्मी हवा मला फालतू शिल्लक वाटत होती ती माझी नव्हतीच. ती सोबत्याच्या नावे राखून ठेवलेली होती. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत, प्रत्यक्ष बुडीचे नियोजन प्रशिक्षित मार्गदर्शकानेच करायचे असते. अशा प्रसंगासाठी नावेखाली ५ मीटरवर जादा सिलिंडर टांगून ठेवण्याचीही पद्धत आहे. पाण्याखालील गुहांत जाणारे तर याहून काटेकोर असतात. एक तृतीयांश हवा जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेली तृतीयांश राखीव, असा त्यांचा दंडक आहे. शिवाय ३० मीटरच्या सुमारास दाबाखालील नायट्रोजनमुळे एक प्रकारची गुंगी येऊ लागते आणि माणसाला आपला निर्णय चुकतो आहे हे कळतही नाही. म्हणून किती वेळ थांबायचे आणि केव्हा परतायचे, हे पाण्यात उतरण्यापूर्वीच ठरवावे लागते.

एक प्रश्न, एक उत्तर

तारकर्लीला जाण्यापूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागली. ‘आपल्याला कधी दम्याचा विकार झाला आहे काय?’ या प्रश्नापाशी दादाचे पेन थबकले. लहानपणी त्याला दमा होता. थंडीत रात्र-रात्र उशीला टेकून बसलेला दादा मी पाहिला आहे.

"आता वर्षातून एखाद्या वेळी पंप लागतो," तो म्हणाला. "‘नाही’ लिहिलं तर कुणाला कळणार आहे?"

मी काहीच बोललो नाही. कर्जाच्या टेबलावर हे वाक्य मी अनेकदा ऐकलेले आहे. जुने कर्ज तर फिटत आले, ते अर्जात दाखवायचे कशाला, असे म्हणणारा गृहस्थ बहुधा अप्रामाणिक नसतो. त्याला घर हवे असते, इतकेच. दादाला विवर हवे होते.

बोलल्या त्या वहिनी. "भावजी, खाली यांना धाप लागली तर वर कोण आणणार?"

"मीच की."

"मग यांना सांगा, तुमच्याकडे बघून ‘नाही’ लिहा म्हणावं."

दादाने माझ्याकडे पाहिले आणि ‘होय’ लिहिले.

दमा म्हटला की स्कूबा कायमचे बंद, असे सरसकट नाही. विकार पूर्ण नियंत्रणात असल्यास तपासण्यांअंती काहींना परवानगी मिळते. परंतु दादाच्या तपासणीत श्रमानंतर श्वासनलिका आकसत असल्याचे दिसले. छातीच्या विकारांच्या डॉक्टरांनी त्यामागचे कारण नीट समजावले. सिलिंडरमधील हवा कोरडी व थंड असते, तिने आणि श्रमाने दम्याची उबळ येऊ शकते. आकसलेल्या नलिकेपलीकडे हवा कोंडून राहिली आणि तशातच माणूस वर येऊ लागला, तर दाब कमी होत जाईल तशी ती हवा फुगते. फुप्फुस फाटू शकते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. त्यांनी नकार दिला. घरी येईपर्यंत मी हवेच्या त्या कागदाचाच विचार करीत होतो. सिलिंडर भरलेले असून श्वासनलिकाच मिटली असती, तर माझी राखीव हवा त्याच्या कोणत्या उपयोगाची होती?

बँकेत जामीनदार सही करतो तेव्हा तो कर्जदाराने सांगितलेल्या माहितीवर विसंबलेला असतो. समुद्रात सोबती हा जामीनदारच असतो, फरक एवढाच की तेथे वसुली तत्काळ होते.

हे सारे लिहिताना माझी एक चूक झाकून ठेवणे योग्य होणार नाही. दादा बुडी मारणार नव्हता, तरी माझ्याबरोबर तारकर्लीला आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मला सर्दी झाली होती. प्रशिक्षकांनी रोजच्याप्रमाणे विचारले, "काही त्रास?" रजा मोजकी होती, परतीचे आरक्षण झालेले होते. मी म्हणालो, "काही नाही." चार मीटरवर कानात असा काही सणका उठला की डोळ्यांपुढे अंधारी आली. सर्दीने कान व घसा यांमधील नलिका बंद असली की कानातील दाब बाहेरच्या दाबाबरोबर येत नाही, हे आदल्याच दिवशी शिकवलेले होते. मी वर जाण्याची खूण केली. प्रशिक्षक ताबडतोब मला सावकाश वर घेऊन आले.

नावेत दादा बसला होता. त्याने टॉवेल दिला आणि एवढेच म्हणाला, "तुझ्या कागदावर सर्दीचा रकाना नव्हता वाटतं?"

कानाच्या डॉक्टरांनी पाण्यात उतरायला मनाई केली आणि त्या खेपेला माझा अभ्यासक्रम अपुराच राहिला. तो मी पुढच्या वर्षी पुन्हा रजा काढून पूर्ण केला.

सुधारित अंदाजपत्रक

आता खर्चाकडे वळू. भेडाघाटहून परतल्यावर महिनाभरातच आम्ही दोघांनी दरमहा प्रत्येकी ८,००० रुपयांची पाच वर्षांची आवर्ती ठेव सुरू केली. मुद्दल प्रत्येकी ४,८०,००० रुपये, व्याज वेगळे. हौसेसाठी कर्ज काढायचे नाही आणि घरच्या अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेला हात लावायचा नाही, हे दोन नियम पहिल्याच दिवशी ठरले. ठेवीची मुदत पुढील वर्षी पूर्ण होईल.

बेलीझला भारतातून थेट विमान नाही, वाटेतील देशांच्या व्हिसाची व्यवस्था आधीपासून पाहावी लागते. बेलीझचा डॉलर अमेरिकन डॉलरशी दोनास एक या दराने बांधलेला असल्याने आपल्याला केवळ रुपया व अमेरिकन डॉलर यांच्या दरातील चढउतारावर लक्ष ठेवावे लागते. त्यासाठी अंदाजित खर्चाच्या दशांश रक्कम आम्ही वेगळी धरली आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, तेव्हा मर्यादेची चिंता आमच्यासारख्यांना नाही. मात्र उद्गमस्थानी करसंकलनाचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी शाखेत चौकशी करणे श्रेयस्कर.

विम्याचा कागद बारीक अक्षरांसह वाचावा. प्रवासविम्याच्या अनेक योजनांत स्कूबा वगळलेले असते किंवा त्यास खोलीची मर्यादा असते. दाबविकार झाल्यास उच्चदाब कक्षातील उपचार आणि तेथवर विमानाने नेण्याचा खर्च विम्यात समाविष्ट आहे काय, हे विचारून घ्यावे. पाणबुड्यांसाठी असा विशेष विमा डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्थांमार्फत मिळू शकतो.

हंगामाचेही गणित आहे. त्या भागात जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ, तर फेब्रुवारी ते मे हा कोरडा हंगाम. ३१ मार्चची वार्षिक लेखाबंदी आटोपल्याशिवाय मला रजा मिळणे नाही. तेव्हा एप्रिल महिना आपोआपच निश्चित झाला. त्यापूर्वी मला पुढील दोन्ही प्रशिक्षणे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बऱ्याच बुड्यांचा अनुभव गाठीशी बांधायचा आहे. तो पुरेसा झाला नाही, तर मी विवराच्या काठावरील उथळ प्रवाळ पाहून परत येईन. ही तरतूदही अंदाजपत्रकात लिहून ठेवली आहे.

आणि दादा? त्याची आवर्ती ठेव त्याने बंद केलेली नाही. निळे विवर ज्या पूर्ण वर्तुळाकार रूपामुळे जगप्रसिद्ध झाले ते रूप पाण्यातून दिसतच नाही, ते आकाशातून दिसते. बेलीझहून छोट्या विमानांतून त्याचे दर्शन घडवणारी उड्डाणे असतात. दादा त्या विमानात बसणार आहे. बुडीनंतर शरीरात उरलेल्या नायट्रोजनमुळे निदान १८ तास विमानप्रवास टाळावा असा दंडक असल्याने त्या दिवशी मला त्याच्यासोबत जाता येणार नाही, जसे त्याला माझ्यासोबत खाली येता येणार नाही. संध्याकाळी दोघांनी आपापले विवर एकमेकांना सांगायचे, असे ठरले आहे.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा भेडाघाटला गेलो होतो. नावाड्याने नेहमीप्रमाणे खोली सांगितली. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "कागदावर सगळं लिहिलंयस ना रे?"

या वेळी मी मनापासून ‘होय’ म्हणालो.